पालथं पडून शोधलेली संख्या

चेन्नईला बदली झाली तेव्हा मला तमिळ येत नव्हतं आणि वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीच्या वॉचमनला दुसरं काही येत नव्हतं. सामान लावून झालं, नळ सोडला, तर पाणी नाही. मी जिन्यात उभी राहून हातवारे करून विचारत होते आणि तोही तितक्याच मनापासून हातवारे करून उत्तर देत होता. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि आतून बारीक पण खणखणीत आवाज आला, "अगो, मोटर सांजेस लावतात. तोंवर आमच्या घरांतून दोन घागरी ने."

मी सांगलीची. हजारभर किलोमीटर लांब आल्यावर जिन्यात मराठी कानावर पडली म्हणून मी चक्रावलेच. पण ही मराठी माझ्या ओळखीची नव्हती. शब्द पोथीतले आणि चाल तमिळची. "तुम्ही कुठल्या?" मी विचारलं. "आम्ही तंजावरचे," त्या म्हणाल्या. "आमचे लोक तिकडून इकडे आले त्यास शेकडों वर्षें जालीं. तूं आतां आलीस. उशीर केलास."

अशी मामींची ओळख झाली. सगळी इमारत त्यांना मामीच म्हणायची, तिथल्या रीतीप्रमाणे, आणि त्यांच्या यजमानांना मामा. मलाही वेगळं काही म्हणावंसं वाटलं नाही. मामी तांबरमच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मामांनी आवडी नावाच्या उपनगरातल्या एका सरकारी कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली होती. मामी रोज दक्षिणेकडच्या गाडीत बसायच्या आणि मामा उलट्या दिशेला जायचे. "म्हणूनच आमचें लग्न टिकलें," मामा सांगायचे. मूलबाळ नव्हतं. घरात स्वयंपाक मामा करायचे, आणि बोलायचेही मामाच. मामी ऐकत आहेत असं वाटायचं, पण बहुतेक वेळा त्या मनात काहीतरी भागत असायच्या.

हे मला हळूहळू कळलं. रविवारी त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे गाड्यांच्या पाट्यांमधून जायचं. समोरून रिक्षा आली की मामी तिच्या नंबराकडे बघत म्हणायच्या, "तेरानें भाग जातो. चांगली रिक्षा आहे." एकदा आम्ही भाजी घेऊन उभ्या होतो आणि त्या तीन रिक्षा सोडून चौथीत बसल्या. मी विचारलं, आधीच्यांनी जास्त भाडं सांगितलं का? "भाड्याचें काय," त्या म्हणाल्या, "ही वर्गसंख्या आहे. अशी रोज मिळते होय?" रिक्षावाल्याला यातलं काही कळलं नाही, पण म्हातारी आपल्यावर खूश आहे एवढं त्याला उमगलं आणि त्यानं आम्हाला थेट फाटकात सोडलं.

संख्यांवर असा जीव असलेलं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दिवसभर आकड्यांमध्येच असते, पण माझ्या लेखी आकडे म्हणजे बरोबर किंवा चूक. मामींच्या लेखी त्यांना स्वभाव होते. कोण मिळून मिसळून वागणारं, कोण हट्टी, कोण दिसायला साधं पण आतून खोल.

मामींचा उजवा डोळा लहानपणापासून मंद होता. सगळा भार डाव्यावर. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी त्या माझ्याकडे आल्या आणि विजेचं बिल पुढे धरून म्हणाल्या, "हा ग्राहक क्रमांक वाच बघू." मी वाचला. त्यांनी बिल पुन्हा डोळ्याजवळ धरून पाहिलं. मग म्हणाल्या, "मला कडेचे अंक दिसतात. ज्या अंकाकडे पाहावें तोच नाही. कोणी तरी मधला खाऊन टाकला आहे." फरशीच्या रेघाही मध्येच वाकलेल्या दिसतात, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. त्यांच्या आवाजात घाबरल्याची खूण नव्हती. एखाद्या मुलीनं उत्तर बरोबर आणून रीत चुकवलेली असावी तशी फक्त नापसंती होती.

डोळ्यांच्या दवाखान्यात कळलं की डाव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याला अगदी मध्यभागी बारीक भोक पडलं आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल. डॉक्टर तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. त्या म्हणाल्या, शस्त्रक्रिया अवघड नाही, अवघड आहे ते नंतरचं. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात. बुडबुडा वर तरंगतो, आणि भोक असतं डोळ्याच्या मागच्या बाजूला. म्हणून पेशंटनं तोंड जमिनीकडे ठेवायचं, म्हणजे बुडबुडा त्या भोकावर दाबून बसतो आणि भोक मिटतं. आठवडाभर. रात्रंदिवस. जेवायला आणि न्हाणीघरात जाण्यापुरतं उठायचं, तेही मान खाली घालूनच.

"आठवडाभर काय बघूं?" मामींनी विचारलं.

"जमीन," डॉक्टर म्हणाल्या. "तीही दिसणार नाही फारशी."

मामांनी तयारी केली. पलंगाच्या टोकाला दोन स्टुलं लावली आणि त्यांच्यावर, मूळव्याधीच्या लोकांना बसायला देतात ती मधोमध भोक असलेली गादी बांधली. मामी पलंगावर पालथ्या, चेहरा त्या भोकात, नजर खाली फरशीवर. मामांचा खरा विचार मात्र पुढचा होता. त्यांनी पलंगाच्या टोकाखाली चटई अंथरली आणि स्वतः तिच्यावर उताणे पडले. "असें केलें की तोंडासमोर तोंड येतें," ते खालून म्हणाले. "माणसाशीं बोलायचें तर असेंच." मी दारात उभी राहून बघत होते. मामा मला म्हणाले, "तुझी पाय आण, इथें जागा आहे." मी माझ्या पायांकडे पाहिलं. चटईला तमिळमध्ये पाय म्हणतात आणि यांच्या मराठीतही तो शब्द कधीच येऊन बसला आहे, हे मला मामींनी वरून समजावून सांगितलं. आठवडाभरात त्या हसल्या असतील तर पहिल्यांदा तेव्हा.

पहिला दिवस भुलीच्या गुंगीत गेला. दुसऱ्या दिवशी मे महिन्याचा उकाडा, अंगाखाली तापलेली गादी, अवघडलेली मान. मामांनी रेडिओ लावला, बंद केला. टीव्हीवरच्या मालिका नुसत्या ऐकवल्या, तर मामी म्हणाल्या, न बघतां या अधिक वाईट आहेत. मामा मग कारखान्याच्या ऑफिसातल्या गोष्टी सांगू लागले. त्या गोष्टी मामींनी पूर्वी ऐकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून येत होते तर मामा जिन्यातच भेटले.

"ती उठतें म्हणते," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "डोळा गेला तर जाऊं दे म्हणते. तूं बोल."

मी चपला काढून तशीच आत गेले आणि चटईवर उताणी पडले. वर गादीच्या भोकात मामींचा चेहरा होता, सुजलेला, एका डोळ्यावर झाकण, दुसऱ्याच्या कडेला ओल. एरवी मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. धीर देण्याचे शब्द त्यांनी उडवून लावले असते. तेव्हा मला दुपारची गोष्ट आठवली. माझ्या शेजारच्या टेबलावर मदुरैची एक मैत्रीण बसते. तिला कोड्यांचा नाद आहे, आणि त्या दिवशी डब्याच्या वेळी तिनं एक कोडं घातलं होतं.

"मामी," मी म्हणाले, "एक ते नऊ अंक घ्यायचे. प्रत्येक एकदाच. त्यांची नऊ अंकी संख्या करायची. पण अशी की तिच्या पहिल्या दोन अंकांना दोननं भाग गेला पाहिजे, पहिल्या तिनांना तीननं, पहिल्या चारांना चारनं, असं करत करत सगळ्या नऊ अंकांना नऊनं."

पंख्याचा आवाज येत राहिला.

"बाकी न उरतां?" त्यांनी शेवटी विचारलं.

"बाकी न उरता."

"अशी किती आहेत?"

"एकच. माझ्या मैत्रिणीनं कॉम्प्युटरला विचारलं. क्षणात आलं उत्तर. सांगू का?"

"सांगूं नको!" मामी इतक्या जोरात म्हणाल्या की मामा स्वयंपाकघरातून धावत आले. "सेरी, बरें," त्या मग हळू म्हणाल्या. "आतां जा तुम्ही दोघें. मला काम आहे."

तिथून पुढे त्या घरात वेगळीच शांतता आली. मामा नळीनं कॉफी पाजायला जात आणि परत येऊन मला सांगत, "आंत वर्ग चालू आहे." ते खरंच होतं. चौथ्या दिवशी मी चटईवर पडले तेव्हा मामींनी मला त्यांची रीत सांगितली. कागद नाही, फळा नाही, डोळे मिटलेले. म्हणून त्यांनी मनात एक बाक घातला होता, शाळेतल्यासारखा, नऊ जणींचा. त्यावर नऊ मुली बसवायच्या होत्या.

"पांचव्या जागेचें भांडण नाही," त्या म्हणाल्या. "पांचानें भाग जायला शेवटीं पांच किंवा शून्य हवें. शून्य आपल्यांत नाही. म्हणून पांच ही पांचव्या जागीं जाऊन बसली. आतां दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा पाहा. तिथें संख्या सम हवी. सम मुली किती?"

"चार. दोन, चार, सहा, आठ."

"जागाही चार. म्हणजे त्या चार जागा त्यांच्याच. बाकीच्या जागीं विषम. सांग, पाहतां पाहतां किती गर्दी कमी जाली?"

मी खाली पडून विचार करू लागले. लाखो शक्यता होत्या, आणि या बाईंनी अंधारात दोन वाक्यांत त्यांतल्या बहुतेक घरी पाठवल्या होत्या. मैत्रिणीच्या कॉम्प्युटरनं त्या एकेक करून तपासल्या होत्या. तोही चमत्कारच, पण वेगळ्या जातीचा. मला वाटतं, संख्येबद्दल मला कौतुक वाटू लागलं ते त्या चटईवर. आणि मामींबद्दल किती, ते विचारूच नका.

"आतां चौथी जागा," मामी सांगत होत्या. "चारानें भाग जातो कीं नाही हें शेवटच्या दोन अंकांवरून कळतें. तिसरी विषम आहे. विषमाच्या शेजारीं चार किंवा आठ बसली तर चारानें भाग जात नाही. चौदा घे, अठरा घे, चौतीस घे. जात नाही. म्हणून तिथें दोन किंवा सहाच. आठव्या जागेसही तोच न्याय, कारण आठानें भाग जायचा तर चारानें जावाच लागतो. मग चार आणि आठ ह्या दोघी कुठें?"

"दुसऱ्या आणि सहाव्या जागी," मी म्हणाले, आणि मला शाळेत पहिल्यांदा बरोबर उत्तर दिल्यासारखा आनंद झाला.

"शाबास. उद्यां ये."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून अर्धा तास लवकर निघाले. पाहते तो मामा चटईवर पडलेले आणि दोघांचं काहीतरी चाललेलं. मामा रुसले होते.

"मी हिला उत्तर सांगितलें," ते मला म्हणाले, "तर ही ऐकत नाही. एवढा विचार कशास? सरळ उलटें म्हणायचें. नऊ, आठ, सात, सहा, पांच, चार, तीन, दोन, एक. पाहा, पांच बरोबर मध्यें येतें कीं नाही?"

"मी हसलें," मामी वरून म्हणाल्या. "मग भागून पाहिलें. अगो, तूंही पाहा. अठ्ठ्याण्णवास दोन. जातो. नऊशें सत्त्याऐंशीस तीन. जातो. नऊ हजार आठशें शहात्तर, चारानें. जातो! पांचानें जातो, सहानेंही जातो. माझ्या अंगावर कांटा आला. हे रोज सांबार करतात, आणि यांनीं एका दमांत उत्तर सांगितलें कीं काय!"

मी मोबाइलवर भागाकार करू लागले. सातनं भाग गेला नाही. पाच बाकी उरली.

"साताशीं अडलें," मामा कष्टी होऊन म्हणाले. "पुढें आठानें जातो, नऊनेंही जातो. एका सातानें माझें घोडें अडवलें."

"सातच कठीण," मामी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आदर होता. "इतर सगळ्यांची कसोटी आहे. शेवटचा अंक पाहा, नाही तर अंकांची बेरीज करा. सातास तसें सोपें कांहीं नाही. त्याच्या दारांत जाऊन भागूनच पाहावें लागतें. म्हणून मी त्यास शेवटास ठेवलें आहे."

त्या संध्याकाळी त्यांनी मला मधल्या तिघींची गोष्ट सांगितली. पहिल्या तीन अंकांना तीननं भाग जातो, पहिल्या सहांना सहानं जायचा म्हणजे तीननंही जातो. मग चौथा, पाचवा आणि सहावा यांची बेरीजही तीनच्या पाढ्यात हवी. त्यामुळे मधोमध दोन-पाच-आठ बसतील किंवा सहा-पाच-चार. तिसरं काही नाही. पुढच्या पायऱ्या मी इथे लिहीत बसत नाही. ज्याला हौस असेल त्यानं कागद घेऊन बसावं, वाट सापडते. मामींनी तीन आणि आठ यांच्या कसोट्या लावून उरलेल्यांना गाळलं आणि शेवटी त्यांच्या बाकावर दहा संख्या उरल्या. त्या दहाही त्यांनी डोक्यात धरून ठेवल्या होत्या, पालथ्या पडून. मामांची उलटी संख्या त्यांतलीच एक होती. हे कळल्यावर मामांचा रुसवा गेला. "दहांत माझी आहे," ते दोन-तीनदा म्हणाले.

मग राहिला सात. मामींनी सगळ्यांना दूर केलं. मधे वीज गेली, पंखा थांबला, मामा विंझणा घेऊन वारा घालायला गेले तरी त्या हलल्या नाहीत. ओठ तेवढे हलत होते. भागाकार त्या तमिळमध्ये करायच्या, कारण पाढे त्या शाळेत तमिळमध्ये शिकल्या होत्या. कोडं मात्र त्या माझ्याशी मराठीतच बोलत.

मला ऑफिसात मामांचा फोन आला तेव्हा दुपार होती. "तिला सांपडलें," ते म्हणाले. "पण मला सांगत नाही. तूं आल्यावर दोघांस एकदम सांगणार म्हणते. मी काय करूं, बस नाही तर रिक्षा घे, पण ये." मी ऑफिसजवळच्या गिंडी स्टेशनवर गाडी पकडली आणि स्टेशनवरून घामाघूम होत घरी पोचले. मामांनी दोन चटया अंथरून ठेवल्या होत्या. आम्ही दोघं शेजारी शेजारी उताणे पडलो.

मामींनी एकेक अंक सावकाश सांगितला. "तीन. आठ. एक. सहा. पांच. चार. सात. दोन. नऊ."

अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस.

मी मोबाइलवर तपासत गेले. अडतीसला दोन. तीनशे एक्याऐंशीला तीन, एकशे सत्तावीस वेळा. चार, पाच, सहा. पहिले सात अंक टाकले, सातनं भागलं, आणि पडद्यावर पाच लाख पंचेचाळीस हजार दोनशे एकवीस आले. पुढे टिंब नाही, अपूर्णांक नाही. उत्तर मला मैत्रिणीकडून ठाऊक होतं, तरी मी आकडा पुन्हा एकदा टाकून पाहिला. आठ. नऊ. गेलं.

"बरोबर, मामी."

"तें मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्या नऊ जणी सातापाशीं पडल्या. कोणाची बाकी दोन, कोणाची पांच, कोणाची सहा. ही एकटी आंत गेली. आणि शेवटीं शून्य लावलेंस तर दहानेंही भाग जातो. मग शून्य धरून सगळे दहा अंक आले, कोणी दोनदां नाही, कोणी बाहेर नाही. तूं म्हणालीस एकच आहे. मी म्हणत होतें, एकच कां? आतां कळलें. दुसरी असूंच शकत नाही."

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी हात वर करून मामींच्या गालाला लावला होता. मी उठून कॉफी करायला गेले. परत आले तेव्हा मामी त्यांना सांगत होत्या, "मला वाटत होतें, डोळा गेला कीं हें सारें जाईल. त्याची भीति होती. बाकी कशाची नव्हती." मामा म्हणाले, "मग मला सांगावेंस कीं नाही?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलायला वेळ दिलात कुठें!"

आठवडा संपल्यावर दवाखान्यात मी बरोबर गेले. डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं आणि भोक मिटल्याचं सांगितलं. वायू विरायला काही आठवडे लागले. त्या दिवसांत मामींना डोळ्यात पाण्याची पातळी हलताना दिसायची, बाटली कलती केल्यासारखी, आणि त्या रोज सकाळी ती कुठवर आली ते मला सांगायच्या. नजर पूर्वीसारखी झाली नाही. सरळ रेघेत अजून एक बारीक बाक राहिला आहे आणि बारीक अक्षर वाचवत नाही. पण पाटीवरचा नंबर दिसतो.

पावसाळ्याच्या अखेरीस मदुरैची मैत्रीण मामींना भेटायला आली. ती कोडी घालणारी, म्हणून तिला या बाईंना बघायचंच होतं. मामांनी डाळ-तांदळाची, जाड डोशासारखी अडई केली होती. मामी तिच्याशी तमिळमध्ये बोलत होत्या आणि माझ्यासाठी मध्ये मध्ये मराठीत सांगत होत्या. बोलता बोलता मामींनी तिला विचारलं, "अंक पुन्हा घेतां आले तर? एकच अट, प्रत्येक पायरीस भाग गेला पाहिजे. अकरानें, बारानें, तेरानें, असें किती लांब जातां येईल?"

मैत्रीण हसली. तिनं हे आधीच करून पाहिलं होतं. तिनं लॅपटॉप उघडला आणि अक्षरं मोठी करून तो मामींपुढे ठेवला. पडद्यावर एक लांबलचक संख्या होती, पंचवीस अंकांची: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५.

"इतक्या लांब फक्त ही एकच पोचते," ती म्हणाली. "सुरुवातीला अशा संख्यांची संख्या वाढत जाते, हजारोंनी होतात, मग पुढे पुढे गळत जातात. पंचवीसला ही एकटी. सव्वीसला कोणीच नाही."

मामी पडद्याजवळ सरकल्या. बोट ठेवत ठेवत त्यांनी ती संख्या पूर्ण वाचली. मग मागे टेकून बसल्या.

"हें माझ्यानें जालें नसतें," त्या म्हणाल्या. "शंभर वर्षें पालथी पडलें असतें तरी नाही. तुझें यंत्र फार गुणाचें आहे." आणि हे त्या मनापासून म्हणत होत्या. मैत्रीण लाजली. मग मामी म्हणाल्या, "पण सव्विसाव्या जागीं हिचें काय अडलें तें पाहूं."

त्या पाटी घेऊन बसल्या, जाड खडूनं मोठे मोठे अंक काढत. पंचवीस अंकांपुढे एक शून्य लिहून सव्वीसनं भागायला लागल्या. आम्ही दोघी बघत राहिलो. मामांनी तव्यावरची अडई उलटली. भागाकार पाटीच्या कडेपर्यंत गेला, पुसून पुन्हा सुरू झाला. शेवटी मामींनी खडू ठेवला.

"बारा बाकी उरते," त्या म्हणाल्या. "सव्वीस पुरे व्हायला चौदा हवेत. शून्याच्या जागीं चौदा ठेवतां आले असते तर ही पुढें गेली असती."

"मग ठेव," मामा स्वयंपाकघरातून म्हणाले.

"एका घरांत एकच अंक बसतो. नऊच्या पुढें अंक नाही."

मामा झारा हातात घेऊन दारात आले. पडद्यावरच्या त्या लांब संख्येकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं. "एवढी लांब आली," ते म्हणाले, "पंचवीस दारें ओलांडून. बिचारी." मग मैत्रिणीला तमिळमध्ये आणि मला मराठीत त्यांनी एकच सांगितलं, की अडई गरम आहे तोवर खाऊन घ्या.